हायड्रोजन ट्रकसाठी भाव, भरणी आणि हमी : मुंबई–पुणे पट्ट्यातील माल वाहतूकदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, भारत सरकार
मा. मंत्री, परिवहन विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : अवजड हायड्रोजन ट्रकांच्या इंधनभरणीची पद्धत, पंपावरचा भाव आणि ट्रकमालकावर पडणारी जोखीम यांबाबत.

महोदय,

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलून चाकण, तळेगाव, रांजणगावच्या कारखान्यांत पोचवणारे आणि तिथला तयार माल बंदरावर आणणारे आम्ही ट्रकमालक आहोत. आमच्यात मोठा ताफा बाळगणारे आहेत, तसेच एकाच गाडीवर घर चालवणारेही आहेत. हे पत्र लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर मुख्यतः हे एका गाडीचे मालक आहेत.

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानातून वाहतुकीचे पाच पथदर्शी प्रकल्प मंजूर केले. त्यांत 37 बस व ट्रक, 9 भरणी केंद्रे आणि सुमारे 208 कोटी रुपयांचे साहाय्य आहे. या वाहनांपैकी 15 फ्युएल सेलवर चालणारी आणि 22 इंजिनात हायड्रोजन जाळणारी आहेत. ठरलेल्या मार्गांत पुणे–मुंबई आहे. त्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या रस्त्यावर येऊन ठेपला आहे आणि त्यावर वेळेत बोलणे आम्ही आमचे काम समजतो.

आमचा हायड्रोजनला विरोध नाही. डिझेलचा धूर सर्वांत आधी आमच्या ड्रायव्हरांच्या छातीत जातो. जवळच्या, ठरलेल्या फेऱ्यांना बॅटरीचा ट्रक परवडत असेल तर तो जरूर चालवावा, तिथे हायड्रोजनचा हट्ट आम्ही धरणार नाही. पण पूर्ण लोडने घाट चढणारी, दिवसात दोन फेऱ्या मारू पाहणारी गाडी चार्जिंगला तासन्‌तास उभी ठेवता येत नाही. अशा कामाला हायड्रोजन उपयोगी पडू शकतो, असे आमचे प्रामाणिक मत आहे. अडचण आहे ती धोरणाच्या रोखात. अनुदानाची भाषा कारखान्यापाशी आणि शोरूमपाशी थांबते. गाडीमालकाचे नशीब मात्र पंपावरच्या नोझलपाशी ठरते : किती किलो बसला, किती वेळ लागला आणि काय भावाने. या तिन्हींची हमी कोण देणार, हे कुठेच लिहिलेले नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण सगळ्या मागण्या त्यातूनच निघतात.

55 टनी ट्रेलर लोड घेऊन घाटासह चालला तर डिझेलचे ॲव्हरेज लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास धरावे. डिझेल 90 रुपये धरले तर किलोमीटरला 30 रुपये इंधन. फ्युएल सेलचा ट्रक परदेशातल्या अनुभवावरून शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो हायड्रोजन घेतो. आमचे वजन आणि बोरघाट लक्षात घेऊन आम्ही दहा किलो धरतो. म्हणजे एका किलोत दहा किलोमीटर. डिझेलशी बरोबरी साधायची तर नोझलमधून बाहेर पडणारा हायड्रोजन 300 रुपये किलोच्या वर जाऊन चालणार नाही.

आता दुसरी बाजू. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते. तो 350 बार दाबाच्या टाकीत भरण्यासाठी आणखी दोन-तीन युनिट. वीज सहा रुपयांनी मिळाली तर नुसत्या विजेचेच साडेतीनशे रुपयांच्या आसपास होतात. यंत्र, जमीन, माणसे, कर्जाचे व्याज अजून यायचे आहे. पानिपतच्या रिफायनरीसाठी 2025 मध्ये निविदेतून निघालेला हरित हायड्रोजनचा भाव किलोला 397 रुपये होता, तोही रिफायनरीला नळातून मिळणाऱ्या वायूचा. हाच भाव जसाच्या तसा पंपावर आला असे क्षणभर धरले तरी अडीचशे किलोमीटरच्या न्हावा शेवा–चाकण फेरीत डिझेलपेक्षा सुमारे 2,400 रुपये जास्त जातात. आमच्या धंद्यात एका फेरीला एवढे सुटतात का, हे वाहतूक क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही विचारावे. आणि पंपावर तो भाव येणारच नाही, कारण वायू तिथवर आणावा लागतो. पोलादी नळ्यांचा ट्रेलर 200 बारच्या आसपास दाबाने तीनशे-चारशे किलोच हायड्रोजन आणतो. त्यातून आमच्यासारख्या चौदा-पंधरा गाड्या भरल्या की तो रिकामा. एवढ्या वायूसाठी अख्खा अवजड ट्रेलर घाटातून ये-जा करणार असेल तर त्याचा खर्चही शेवटी आमच्याच किलोत मिसळणार.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : या पट्ट्यावर नोझलवरचा भाव निदान सात वर्षांसाठी डिझेलशी बांधून द्यावा, आणि उत्पादनखर्च व तो भाव यांतली तफावत सरकारने थेट पंपचालकाला, प्रत्यक्ष विकलेल्या किलोंवर द्यावी. सात वर्षे अशासाठी की गाडीचे हप्ते आणि तिची कमाईची उमेद साधारण तेवढी असते. आज कारखाना उभारणाऱ्याला उत्पादनावर प्रोत्साहन मिळते. अभियानाच्या 19,744 कोटींपैकी 17,490 कोटी त्याच योजनेसाठी आहेत. ते योग्यच आहे, पण त्यातला दिलासा आमच्या टाकीपर्यंत पोचेल याची कोणतीही अट नाही. विकलेल्या किलोवर पैसे दिले तर बंद पडलेल्या पंपाला ते मिळणार नाहीत. आम्हाला नेमके तेच हवे आहे.

याच मागणीचा दुसरा, आमच्या मते अधिक सुटसुटीत मार्ग स्वित्झर्लंडने दाखवला आहे. तिथे 2020 पासून ह्युंदाईचे फ्युएल सेल ट्रक वापरापुरते पैसे या तत्त्वावर धावू लागले. वाहतूकदाराने गाडी विकत घ्यायची नाही. धावलेल्या किलोमीटरला ठरलेली रक्कम द्यायची, त्यात गाडी, देखभाल आणि हायड्रोजन सगळे आले. गॉस्गेनच्या जलविद्युत केंद्रापाशी इंधन तयार होत होते. गाडी उभी राहिली तर तोटा कंपनीचा होता. शिवाय अवजड वाहनांवरचा रस्तेकर हायड्रोजनला माफ होता, त्यामुळे आकडा जुळला. महाराष्ट्रात पहिल्या शंभर गाड्या याच पद्धतीने द्याव्यात. ट्रक बनवणारी कंपनी, इंधन पुरवणारी कंपनी आणि सरकार यांनी मिळून प्रति किलोमीटर दर जाहीर करावा. तो परवडला तर आमचे सभासद रांगेत उभे राहतील. नवे तंत्रज्ञान फसण्याची जोखीम ज्याच्याकडे अभियंते आणि भांडवल आहे त्याने घ्यावी, एका गाडीच्या मालकाने घेऊ नये.

ही भीती पोकळ नाही. कॅलिफोर्नियात हायड्रोजनचा किरकोळ भाव काही ठिकाणी किलोला 36 डॉलरपर्यंत चढला आणि 2024 च्या फेब्रुवारीत शेल कंपनीने तिथली मोटारींची भरणी केंद्रे बंद केली. अवजड फ्युएल सेल ट्रक आणि त्यांच्यासाठी इंधन अशी दोन्ही कामे करणाऱ्या निकोला कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी त्या गाड्या घेतल्या त्यांचा निर्माता आणि पंपवाला एकाच दिवशी अडचणीत आला. आमच्याकडे असे झाले तर बँक हप्ता थांबवत नाही.

भरणीच्या पद्धतीबद्दल आता थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत निर्णय चुकला तर तो वीस वर्षे सोसावा लागेल.

हायड्रोजन गाडीत साठवण्याच्या आज तीन मुख्य रीती आहेत. 350 बार दाबाचा वायू, 700 बार दाबाचा वायू, आणि उणे 253 अंशांना थंड केलेला द्रव. 30 किलो हायड्रोजनला 350 बारला सुमारे साडेबाराशे लिटरच्या टाक्या लागतात, 700 बारला साडेसातशे लिटरच्या, द्रव असेल तर सव्वाचारशे लिटर पुरतात. जागा जसजशी कमी लागते तसतसा पंपावरचा खर्च वाढतो. 700 बारच्या जलद भरणीला वायू आधी उणे 40 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्यासाठी शीतयंत्र, जाड भिंतींच्या टाक्या, मोठा कॉम्प्रेसर आणि जास्त वीज लागते. द्रवरूप करायला तर किलोला 10 ते 13 युनिट वीज जाते, म्हणजे त्या किलोतल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

द्रवाचे आकर्षण आम्ही समजतो. डाइमलरच्या ट्रकने सप्टेंबर 2023 मध्ये एका भरणीत जर्मनीतल्या वर्थहून बर्लिनपर्यंत 1,047 किलोमीटर अंतर कापले आणि अशा ट्रकांची 80 किलोची भरणी दहा-पंधरा मिनिटांत होते. मुंबई–दिल्ली, मुंबई–बेंगळुरू अशा लांब पल्ल्यांना उद्या तेच लागेल. पण द्रव हायड्रोजन टाकीत नुसता ठेवला तरी हळूहळू उकळून वायू होतो, आणि आमच्या गाड्या बंदराच्या रांगेत किती काळ अडकतात हे शासनाला ठाऊक आहे. आपल्याकडे द्रव हायड्रोजन आजवर मुख्यतः इस्रोच्या रॉकेटांसाठी, महेंद्रगिरीसारख्या ठिकाणी बनत आला आहे. रस्त्यावरच्या पंपापर्यंत त्याची साखळी उभी व्हायला अवकाश आहे.

आमच्या पट्ट्यापुरते आमचे मत ठाम आहे. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या फेरीला 25 ते 30 किलो पुरतात आणि तेवढे 350 बारमध्ये बसतात. म्हणून मुंबई–पुणे पट्ट्यावर 350 बारची, जास्त प्रवाहाच्या नोझलची भरणी हेच मानक शासनाने जाहीर करावे आणि निदान दहा वर्षे बदलू नये. जास्त दाबाचे नोझल कमी दाबाच्या गाडीला बसूच नये अशीच त्याची रचना असते, आणि सुरक्षेसाठी ती बरोबर आहे. पण त्यामुळेच एका पंपावर 350 आणि पुढच्यावर फक्त 700 अशी खिचडी झाली तर आमची गाडी भर रस्त्यात उपाशी राहील. 700 बार किंवा द्रवाची केंद्रे लांब पल्ल्याच्या महामार्गांसाठी स्वतंत्रपणे आखावीत. युरोपीय संघाने 2023 च्या नियमावलीत मुख्य मार्गांवर 2030 पर्यंत दर 200 किलोमीटरला, दिवसाला एक टन क्षमतेचे केंद्र बंधनकारक केले आहे. असा अंतराचा आणि क्षमतेचा लेखी नियम आपल्याकडेही हवा.

क्षमता म्हणजे काय, हेही ठरवून द्यावे लागेल. दिवसाला 200 किलो असा फलक लावलेले केंद्र आमच्या आठच गाड्या भरते. त्यातही खरा प्रश्न लागोपाठ भरणीचा आहे. पंपावर वायू वेगवेगळ्या दाबांच्या टाक्यांत साठवलेला असतो. पहिली गाडी आली की दाबातल्या फरकाने वायू झपाट्याने तिच्यात उतरतो. दुसरी, तिसरी आली की साठ्यातला दाब घसरतो आणि मग कॉम्प्रेसर तो पुन्हा चढवेपर्यंत चौथीने थांबायचे. अवजड वाहनांच्या प्रचलित मानकात मिनिटाला 1.8, 3.6 आणि 7.2 किलो असे वेग आहेत. 30 किलोला म्हणजे साधारण सतरा, आठ किंवा चार मिनिटे. पुढचे तंत्र याहून वेगवान आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने 2022 मध्ये 40.3 किलो हायड्रोजन तीन मिनिटांच्या आत भरून दाखवला. आम्ही एवढे मागत नाही. भरणी केंद्राला अनुदान देताना सलग सहा ट्रक, प्रत्येकी 25 किलो, तासाभरात भरून दाखवण्याची चाचणी सक्तीची करावी, एवढेच म्हणणे आहे. नोझल किती लावले याला आमच्या लेखी महत्त्व नाही.

टाकी खरोखर भरली की नाही, याबद्दलही आम्हाला स्पष्टता हवी. मे महिन्याच्या दुपारी सीएनजी कमी बसतो, हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. हायड्रोजनमध्ये हे अधिक तीव्र आहे. वेगाने भरताना टाकीतला वायू तापतो आणि संमिश्र धाग्यांची टाकी 85 अंशांच्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणून यंत्र एक तर वेग कमी करते किंवा भरणी लवकर थांबवते. पडद्यावर 350 बार दिसले तरी टाकी थंड झाल्यावर काटा खाली येतो, आणि तो खाली आलेला काटा म्हणजे घाटाच्या पलीकडे न पोचणारी गाडी. म्हणून विक्री फक्त किलोवर व्हावी. प्रत्येक पावतीवर वजन, भरणी संपतानाचे तापमान आणि टाकी किती टक्के भरली हे छापलेले असावे. वैधमापनशास्त्र विभागाने हायड्रोजन डिस्पेन्सरच्या तपासणीची व्यवस्था पंप सुरू होण्यापूर्वी उभी करावी. आमच्या हवामानासाठी 350 बारलाही माफक शीतकरण लागेल, असे आम्हाला वाटते. त्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयने भर उन्हाळ्यात घेऊन निष्कर्ष जाहीर करावेत.

शुद्धतेचेही तसेच. फ्युएल सेलला 99.97 टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत 0.2 भागांपेक्षा जास्त चालत नाही आणि गंधक तर त्याहूनही कितीतरी कमी. एका खराब भरणीने गाडीचा सर्वांत महाग भाग निकामी होऊ शकतो. डिझेलमध्ये भेसळ झाली तर फिल्टर बदलून, टाकी धुऊन गाडी चालू होते, इथे ती सोय नाही. दूषित वायूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी पुरवठादाराची राहील, नमुना जपून ठेवणे त्याला बंधनकारक असेल आणि भरपाई साठ दिवसांत मिळेल, असा नियम करावा.

महाराष्ट्राच्या 2023 च्या हरित हायड्रोजन धोरणाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. 8,562 कोटींच्या या धोरणात पहिल्या 20 भरणी केंद्रांना भांडवली खर्चाच्या 30 टक्के, कमाल साडेचार कोटी रुपये अनुदान आहे. पहिल्या 500 वाहनांनाही 30 टक्के, कमाल 60 लाख रुपये आहे, पण ते प्रवासी वाहनांना. मालवाहू ट्रक त्यात नाही. बंदराचा माल, पोलाद, मोटारींचे सुटे भाग ज्या गाड्यांवर जातात, त्या गाड्या या राज्याच्या हायड्रोजन धोरणातून सुटल्या आहेत. आम्हाला याचे मनापासून वाईट वाटते. या 500 मधील निदान निम्मी संख्या मालवाहू वाहनांसाठी खुली करावी. केंद्रांच्या अनुदानातील पहिली दोन केंद्रे कळंबोली–उरण आणि चाकण–तळेगाव या दोन टोकांना द्यावीत, म्हणजे एका टोकाचे केंद्र बंद पडले तरी गाडी परतू शकेल. जमीन सिडको, बंदर प्राधिकरण आणि एमआयडीसी यांनी नाममात्र भाडेपट्ट्याने द्यावी. सुरक्षित अंतरे सोडून उरणसारख्या ठिकाणी खाजगी जागा घ्यायची म्हटले तर निम्मे भांडवल जमिनीतच जाईल. त्याच धोरणात उत्पादकांना पारेषण शुल्कात 50 आणि व्हीलिंग शुल्कात 60 टक्के सवलत आहे. पंपावरच हायड्रोजन तयार करणाऱ्या छोट्या केंद्रालाही ती निर्विवाद लागू आहे, असा खुलासा काढावा. ट्रेलरची वाहतूक वाचवण्याचा तोच एक रस्ता आहे.

कराचे दोन शब्द. हायड्रोजनवर 18 टक्के जीएसटी आहे. आमच्यातले बहुतेक छोटे मालक पाच टक्क्यांचा मार्ग धरतात, त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे हे 18 टक्के आमच्या अंगावरच राहणार. वाहतुकीसाठी विकल्या जाणाऱ्या हरित हायड्रोजनचा दर पाच टक्क्यांवर आणावा. टोलही माफ व्हावा. चीनच्या शानडोंग प्रांताने 1 मार्च 2024 पासून हायड्रोजन वाहनांना महामार्गांचा टोल माफ करून पाहिला आहे. आमच्या फेरीत द्रुतगती मार्गाचा टोल ही ठळक रक्कम असते. टाक्यांमुळे गाडीचे जे वजन वाढते तेवढी सूट परवानगीच्या एकूण वजनात मिळावी, नाहीतर दर फेरीला माल कमी भरावा लागेल.

सुरक्षेच्या बाबतीत कोणतीही सूट आम्ही मागत नाही. मागणी उलट आहे, नियम आधी लिहा. द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, आडोशी, कामशेत असे बोगदे आहेत. हायड्रोजन ट्रकाने त्यांतून जावे की नाही आणि आत बंद पडल्यास काय करावे, याचे लेखी उत्तर ड्रायव्हरच्या खिशात असले पाहिजे. या वायूला वास नाही, त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. खोपोली, लोणावळा, पनवेलच्या अग्निशमन दलांना आणि महामार्ग पोलिसांना त्यासाठी लागणारी यंत्रे व प्रशिक्षण पहिली गाडी धावण्याआधी मिळावे. केंद्रे आणि टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपुरातच आहे. अर्जाचा निकाल 90 दिवसांत द्यावा आणि टाक्यांच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीची केंद्रे पुणे व पनवेल येथे मान्य करावीत. तपासणीसाठी गाडी परराज्यात पाठवणे आम्हाला झेपणार नाही.

शेवटची मागणी माहितीची. चाचणीत धावणाऱ्या गाड्या जनतेच्या पैशातून साहाय्य घेतात. प्रत्येक मार्गावर किलोला किती किलोमीटर मिळाले, भरणीला किती मिनिटे लागली, केंद्र किती दिवस बंद राहिले आणि नोझलवर किलोचा खर्च काय पडला, हे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. या पत्रातला हिशेब आम्ही परदेशी अनुभव आणि आमच्या गाड्यांच्या ॲव्हरेजवर केला आहे. खरे आकडे आले आणि ते आमच्या हिशेबापेक्षा चांगले निघाले, तर भावाची आमची मागणी त्या प्रमाणात खाली आणायला संघटना तयार आहे.

चाचण्यांचा काळ चोवीस महिन्यांपर्यंतचा सांगितलेला आहे. त्यानंतरचे धोरण ठरेल तेव्हा आमच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी, त्यांपैकी एक स्वतः गाडी चालवणारा मालक, त्या समितीवर घ्यावेत. पहिल्या बैठकीची तारीख या पत्राच्या उत्तरात कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
मुंबई–पुणे पट्ट्यातील माल वाहतूकदार संघटनेच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने